समर्पित फिजएक्स कार्ड

समर्पित फिजएक्स कार्ड म्हणजे संगणकावरील खेळांमध्ये दृश्य रंगवण्याचे काम न करता केवळ भौतिकीय परिणामांचे गणित करण्यासाठी राखून ठेवलेले दुसरे ग्राफिक्स कार्ड होय. फुटणाऱ्या काचेचे तुकडे, वाऱ्याने हलणारे कापड, उडणारे कागद, धूर, द्रव आणि ठिणग्या यांच्या हालचाली या कार्डावर ठरवल्या जातात व मुख्य कार्ड त्यांचे चित्र पडद्यावर उमटवते. एन्व्हिडिया या अमेरिकी कंपनीच्या फिजएक्स या भौतिकी संचामुळे २००८ पासून ही मांडणी घरगुती संगणकांवर शक्य झाली.

या पद्धतीचा भर साधारणतः २००८ ते २०१३ या काळात होता. एकाच कार्डाची वाढलेली ताकद, फिजएक्सच्या प्रवेगाचे एकाच उत्पादकाच्या कार्डांपुरते मर्यादित असणे आणि पुढे आलेल्या खुल्या पद्धती यांमुळे ती मागे पडली. २०२५ मध्ये जीफोर्स आरटीएक्स ५० मालिकेतून ३२-बिट कुडा प्रणालींचा आधार वगळण्यात आला. त्यामुळे जुन्या खेळांचे मूळ रूप टिकवण्याचा एक मार्ग म्हणून राखीव कार्डाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

पार्श्वभूमी

संगणकीय खेळातील प्रत्येक दृश्य हे वेगाने बदलणाऱ्या स्थिर चित्रांची, म्हणजे फ्रेमची, मालिका असते. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या वेळात खेळाचे नियम, शत्रूंच्या हालचाली, ध्वनी, वस्तूंच्या टकरी आणि अखेरीस चित्रण अशी सर्व कामे उरकावी लागतात. भौतिकीच्या वाट्याला या वेळाचा लहानसा भागच येतो.

खेळांमधील भौतिकीचे ढोबळमानाने दोन भाग पडतात.

पहिला भाग खेळाच्या गतीशी निगडित असतो. पेटी ढकलली असता ती कोठे थांबेल, गाडी वळणावर घसरेल की नाही, गोळी कोणाला लागेल हे या भागात ठरते. येथील उत्तर बदलले तर खेळाचा निकाल बदलतो. त्यामुळे हे गणित सर्व खेळाडूंच्या संगणकांवर होणे आवश्यक असते आणि ते सामान्यतः सीपीयूवर केले जाते.

दुसरा भाग देखाव्याचा असतो. स्फोटानंतर उडालेली धूळ, पायाखाली विस्कटणारे कागद किंवा फाटलेला ध्वज यांमुळे दृश्य जिवंत वाटते, मात्र खेळाच्या निकालावर त्यांचा परिणाम होत नाही. अशा वस्तूंची संख्या हजारोंच्या घरात जाऊ शकते. प्रत्येक कणासाठी जवळजवळ सारखेच गणित करावे लागत असल्याने हे काम एकाच वेळी अनेक लहान प्रक्रियकांवर वाटून देता येते. ग्राफिक्स कार्डाची रचना नेमकी अशीच असते.

समर्पित कार्डाचा उपयोग मुख्यतः या दुसऱ्या भागापुरता राहिला. ज्या खेळाडूकडे असे कार्ड नाही त्यालाही खेळ पूर्ण करता यावा, ही व्यावसायिक गरज त्यामागे होती. परिणामी हे परिणाम खेळाच्या रचनेत खोलवर न शिरता वरून जोडलेली शोभा म्हणून राहिले.

इतिहास

नोव्होडेक्स आणि एजिया

फिजएक्सचा उगम स्वित्झर्लंडमधील नोव्होडेक्स या कंपनीत झाला. ही कंपनी झुरिक येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी सुरू केली होती. संस्थापकांपैकी मथियास म्युलर यांनी कणांच्या आधारे द्रवाचे गणित खेळाच्या वेगाने करण्यासंबंधी आणि पुढे वस्तूंच्या स्थानांवर थेट बंधने घालून कापडासारख्या मऊ वस्तू हलवण्यासंबंधी केलेले संशोधन या क्षेत्रात पायाभूत मानले जाते.

२००२ मध्ये स्थापन झालेल्या एजिया या अमेरिकी कंपनीने २००४ मध्ये नोव्होडेक्स विकत घेतली. केवळ भौतिकीसाठी स्वतंत्र चिप तयार करण्याचा एजियाचा बेत होता. या चिपला कंपनीने ‘भौतिकी प्रक्रियक एकक’, म्हणजेच पीपीयू, असे नाव दिले व २००५ मध्ये तिची घोषणा केली. २००६ मध्ये असूस आणि बीएफजी टेक्नॉलॉजीज या उत्पादकांनी त्यावर आधारित कार्डे बाजारात आणली. या कार्डावर १२८ मेगाबाइट स्मृती होती आणि ते जुन्या पीसीआय खाचेत बसवावे लागे. अमेरिकेत त्याची किंमत सुरुवातीला ३०० डॉलरच्या आसपास होती.

या कार्डाला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. ‘टॉम क्लॅन्सीज घोस्ट रिकॉन ॲडव्हान्स्ड वॉरफायटर’ या सुरुवातीच्या खेळात कार्ड बसवल्यावर स्फोटांमधील तुकड्यांची संख्या वाढे, परंतु ते जास्तीचे तुकडे रंगवण्याचा भार ग्राफिक्स कार्डावर पडून फ्रेमचा वेग उलट कमी होत असे. ‘सेलफॅक्टर’ हा प्रात्यक्षिक खेळ कार्डाची क्षमता दाखवण्यासाठी तयार केला होता. कापड आणि द्रव वगळता त्याचा बराचसा भाग कार्डाविनाही चालवता येतो, हे उघड झाल्यावर कार्डाच्या गरजेविषयी शंका घेतली जाऊ लागली. एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाइतकी किंमत आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके खेळ, अशी ग्राहकांपुढील स्थिती होती.

हॅवॉक एफएक्स आणि तीन कार्डांची कल्पना

याच सुमारास आयर्लंडमधील हॅवॉक या कंपनीने वेगळी वाट चोखाळली. तिच्या ‘हॅवॉक एफएक्स’ या प्रकल्पात भौतिकीसाठी नवी चिप न घेता ग्राफिक्स कार्डाचाच वापर करण्याची योजना होती. मार्च २००६ मध्ये एन्व्हिडियाने एसएलआय पद्धतीने जोडलेल्या दोन कार्डांपैकी एक भौतिकीसाठी वापरण्याची कल्पना मांडली. जून २००६ मध्ये तैपेई येथील काँप्युटेक्स प्रदर्शनात एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीने दोन कार्डे चित्रणासाठी आणि तिसरे भौतिकीसाठी अशी मांडणी दाखवली.

सप्टेंबर २००७ मध्ये इंटेलने हॅवॉक विकत घेण्याची घोषणा केली. इंटेलचा मुख्य व्यवसाय सीपीयूचा असल्याने भौतिकी ग्राफिक्स कार्डाकडे नेणाऱ्या प्रकल्पाला पुढे चालना मिळाली नाही आणि हॅवॉक एफएक्स बाजारात येऊ शकले नाही. दोन्ही प्रमुख उत्पादकांच्या कार्डांवर चालू शकणारा पर्याय त्यामुळे सुरू होण्याआधीच संपला.

एन्व्हिडियाकडे हस्तांतर

४ फेब्रुवारी २००८ रोजी एन्व्हिडियाने एजिया ताब्यात घेत असल्याचे जाहीर केले. एन्व्हिडियाच्या जीफोर्स ८ मालिकेपासूनच्या कार्डांवर कुडा या पद्धतीने चित्रणाव्यतिरिक्त इतर गणितेही करता येत होती. फिजएक्सचे पीपीयूसाठी लिहिलेले भाग कुडावर आणण्यात आले आणि ऑगस्ट २००८ मध्ये त्यासाठीचे ड्रायव्हर सर्वांसाठी उपलब्ध झाले. जीफोर्स ८ मालिकेतील किंवा त्यानंतरचे कार्ड ज्याच्याकडे होते त्याला वेगळी चिप घेण्याची गरज उरली नाही. एजियाच्या मूळ पीपीयू कार्डाचा आधार मात्र पुढील काळात काढून घेण्यात आला.

यातूनच राखीव दुसऱ्या कार्डाची पद्धत रूढ झाली. नवे कार्ड घेतल्यावर जुने विकून टाकण्याऐवजी ते दुसऱ्या खाचेत ठेवावे आणि भौतिकीचे काम त्याच्याकडे सोपवावे, असा हा सोपा हिशेब होता. २००९ मध्ये ईव्हीजीए या उत्पादकाने जीटीएक्स २७५ आणि जीटीएस २५० या दोन चिप एकाच कार्डावर बसवलेले विशेष कार्ड काढले. त्यातील पहिली चिप चित्रण करी आणि दुसरी केवळ फिजएक्स चालवी.

कार्यपद्धती

परिणामांचे प्रकार

राखीव कार्डावर चालणारे परिणाम पुढील प्रकारचे असतात.

• कण: ठिणग्या, धूळ, बर्फ, पाने व कागदाचे कपटे. प्रत्येक कणाचे स्थान व वेग साठवून गुरुत्व, वारा आणि भिंतींशी होणारी टक्कर यांनुसार ते दर फ्रेमला बदलले जातात.
• कापड: वस्त्राचे जाळे हे परस्परांना बांधलेल्या बिंदूंचे बनलेले मानले जाते. दोन बिंदूंमधील अंतर फार वाढू नये, या बंधनाची पूर्तता वारंवार करून कापडाची घडी व लहर साधली जाते. ताण मर्यादेबाहेर गेल्यास बंध तोडून कापड फाटल्याचे दाखवता येते.
• द्रव: द्रवाचे थेंब म्हणजे परस्परांवर दाब टाकणारे कण मानून त्यांचा प्रवाह काढला जातो. चित्रणाच्या वेळी या कणांवर सलग पृष्ठभाग ओढला जातो.
• धूर व धुके: पात्र धुरातून चालत गेल्यास धूर बाजूला सरतो व मागे पुन्हा मिसळतो.
• तुकडे: काच, फरशी किंवा भिंत फुटल्यावर उडणारे घन तुकडे.

कामाची विभागणी

प्रत्येक फ्रेममध्ये सीपीयू खेळाची स्थिती ठरवतो आणि कोठे स्फोट झाला, कोणते पात्र कोठे उभे आहे ही माहिती भौतिकीच्या कार्डाकडे पाठवतो. ते कार्ड कणांची नवी स्थाने काढते. ही स्थाने मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस मार्गाने मुख्य कार्डाकडे पोहोचतात व तेथे त्यांचे चित्रण होते.

या देवाणघेवाणीत लागणाऱ्या माहितीचे प्रमाण फार मोठे नसते. १०,००० कणांपैकी प्रत्येकाचे स्थान व वेग यांसाठी २४ बाइट धरल्यास एका फ्रेमला सुमारे २४० किलोबाइट आणि सेकंदाला ६० फ्रेम असताना सुमारे १४ मेगाबाइट माहिती हलवावी लागते. जुन्या पीसीआय मार्गाची सैद्धांतिक क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट होती. म्हणजे एजियाच्या कार्डाला असा एक हप्ता पाठवण्यासच जवळजवळ दोन मिलिसेकंद लागले असते. सोळा पदरी पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या आवृत्तीची क्षमता एका दिशेने सेकंदाला सुमारे ४ गिगाबाइट होती, त्यामुळे हा वेळ नगण्य झाला. खरा प्रश्न वाट पाहण्याचा राहतो. भौतिकीचे उत्तर वेळेत आले नाही तर मुख्य कार्ड कितीही शक्तिशाली असले तरी त्याला थांबावे लागते.

मांडणी

फिजएक्ससाठी राखीव कार्ड आणि एसएलआय या भिन्न गोष्टी आहेत. एसएलआयमध्ये सारख्या प्रकारची दोन कार्डे जोडपट्टीने जोडून दोघांकडून चित्रण करून घेतले जाते. राखीव कार्डासाठी जोडपट्टी लागत नाही, दोन्ही कार्डे सारखी असावी लागत नाहीत आणि दुसऱ्या कार्डाला पडदा जोडण्याचीही आवश्यकता नसते. एन्व्हिडियाच्या नियंत्रण फलकात फिजएक्स कोणी चालवावे हे निवडता येते. त्यात स्वयंचलित निवड, विशिष्ट कार्ड किंवा सीपीयू असे पर्याय असतात. निवडलेले कार्ड केवळ फिजएक्ससाठी राखण्याची सोयही तेथे दिली जाते.

एन्व्हिडियाने ग्राफिक्स कार्डावर फिजएक्स चालवण्यासाठी किमान ३२ कुडा गाभे आणि २५६ मेगाबाइट स्वतंत्र स्मृती अशी अट घातली होती. दोन्ही कार्डे एकाच ड्रायव्हरच्या आवृत्तीवर चालत असल्याने त्या आवृत्तीत दोघांचाही आधार असणे गरजेचे असते.

लाभ आणि मर्यादा

मुख्य कार्ड आधीच पूर्ण क्षमतेने काम करत असेल तर दुसऱ्या कार्डाचा लाभ अधिक जाणवतो. एकच कार्ड चित्रण आणि भौतिकी या दोन कामांमध्ये विभागले गेले की स्फोटासारख्या प्रसंगी फ्रेमचा वेग एकदम घसरतो. राखीव कार्ड असल्यास सरासरी वेगापेक्षाही ही अचानक होणारी घसरण कमी होणे अधिक महत्त्वाचे ठरते.

याउलट दुसरे कार्ड मुख्य कार्डाच्या मानाने फारच दुबळे असेल तर एकाच कार्डावर सर्व काम करण्यापेक्षाही वेग कमी होऊ शकतो. अनेक मदरबोर्डांवर दुसरी खाच भरल्यास पहिल्या खाचेचे सोळा पदर आठ-आठ असे विभागले जातात. वीजपुरवठ्यावरील भार, पेटीतील उष्णता आणि पंख्यांचा आवाजही वाढतो. फिजएक्सचा प्रवेग वापरणारा खेळ चालू नसताना दुसरे कार्ड खेळाच्या वेगात काहीही भर घालत नाही.

भिन्न उत्पादकांची कार्डे

मुख्य चित्रण एएमडीच्या कार्डावर आणि फिजएक्स एन्व्हिडियाच्या स्वस्त कार्डावर, अशी संमिश्र मांडणी अनेकांनी करून पाहिली. विंडोज एक्सपीवर ती शक्य होती. विंडोज व्हिस्टाच्या मूळ चित्रण-रचनेत एका वेळी एकाच प्रकारचा ड्रायव्हर चालत असल्याने तेथे अडचण येई. विंडोज ७ मध्ये हे बंधन दूर झाले.

तथापि २००९ मध्ये, आवृत्ती १८६ पासूनच्या ड्रायव्हरमध्ये, संगणकात अन्य उत्पादकाचे कार्ड चित्रण करत असल्याचे आढळल्यास फिजएक्सचा प्रवेग बंद करण्याची तरतूद एन्व्हिडियाने केली. विकासाचा खर्च, गुणवत्तेची तपासणी आणि व्यावसायिक कारणे असे स्पष्टीकरण कंपनीने दिले. ज्यांनी एन्व्हिडियाचे कार्ड पैसे मोजून घेतले होते त्यांनाही त्याचा जाहिरातीत सांगितलेला उपयोग करता येईना, अशी तक्रार वापरकर्त्यांनी केली. ही तपासणी वगळणारे अनधिकृत बदल लवकरच आंतरजालावर प्रसारित झाले. मे २०१० मध्ये २५७.१५ या चाचणी आवृत्तीत ही तपासणी आढळली नाही, तेव्हा हा बदल धोरणाचा नसून चूक असल्याचे कंपनीने सांगितले.

या वादाचा परिणाम खेळ तयार करणाऱ्यांवरही झाला. बाजारातील मोठ्या वर्गाकडे चालणारच नाही अशा गोष्टीवर खेळाची मूळ रचना उभी करणे कोणत्याही स्टुडिओला परवडणारे नव्हते.

सीपीयूवरील कार्यक्षमतेविषयी टीका

ग्राफिक्स कार्डाचा प्रवेग उपलब्ध नसल्यास हेच परिणाम सीपीयूवर चालवता येत, परंतु त्यांचा वेग अतिशय मंद असे. जुलै २०१० मध्ये डेव्हिड कँटर यांनी ‘रियल वर्ल्ड टेक्नॉलॉजीज’ या संकेतस्थळावर याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. फिजएक्सच्या सीपीयू आवृत्तीत एक्स८७ हा जुना सूचनासंच मोठ्या प्रमाणावर वापरला जातो आणि एकाच वेळी अनेक संख्यांवर क्रिया करणाऱ्या एसएसई सूचनांचा लाभ घेतला जात नाही, असे त्यांनी दाखवून दिले. बहुतेक काम सीपीयूच्या एकाच गाभ्यावर होत असल्याचेही निदर्शनास आले.

ग्राफिक्स कार्ड अधिक सरस दिसावे म्हणून सीपीयूची आवृत्ती जाणूनबुजून मागास ठेवली, असा आरोप यानंतर झाला. एन्व्हिडियाने तो अमान्य केला. संचाची दुसरी आवृत्ती जुन्या काळातील असून अनेक गाभ्यांचा वापर करणे खेळाच्या निर्मात्यांवर अवलंबून असते, अशी कंपनीची भूमिका होती. २०११ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एसएसई आणि अनेक गाभ्यांच्या वापराबाबत मोठ्या सुधारणा झाल्या. मात्र आधी प्रसिद्ध झालेले खेळ जुन्या आवृत्तीवरच राहिले. आजही वेगवान सीपीयू असूनही ते प्रवेगाविना अडखळतात, त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

उल्लेखनीय खेळ

• मिरर्स एज (संगणकावर २००९): फुटणाऱ्या काचांचे असंख्य तुकडे, फाटणारी कापडी आवरणे व धुके.
• बॅटमॅन: अर्कहॅम असायलम (२००९): पायांनी उडणारे कागद, फाटणारे फलक, कोळ्यांची जाळी आणि पात्राभोवती वळणारे धुके. प्रवेग बंद ठेवल्यास यांतील बऱ्याच वस्तू दृश्यातून पूर्णपणे नाहीशा होतात.
• मेट्रो २०३३ (२०१०): स्फोटातील कण व तुकडे.
• माफिया २ (२०१०): पात्रांच्या कोटांची हालचाल आणि गोळीबारात भिंतींचे उडणारे तुकडे.
• ॲलिस: मॅडनेस रिटर्न्स (२०११): दाट काळा द्रव, धूर व कण.
• बॅटमॅन: अर्कहॅम सिटी (२०११): कागद, कापड व वाफ.
• बॉर्डरलँड्स २ (२०१२): जमिनीवर वाहणारे रंगीत द्रव, कापड व तुकडे.
• मेट्रो: लास्ट लाइट (२०१३): कण, धूर व तुकडे.
• बॅटमॅन: अर्कहॅम ओरिजिन्स (२०१३): बर्फात उमटणारी पावले व उडणारा भुगा.
• ॲसॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग (२०१३): धुराचे लोट.

ऱ्हास

२०१३ नंतर राखीव कार्डांचा वापर झपाट्याने घटला. त्यामागे अनेक कारणे एकत्र आली.

ग्राफिक्स कार्डांची क्षमता इतकी वाढली की चित्रण व भौतिकी ही दोन्ही कामे एकच कार्ड सहज पेलू लागले. डायरेक्टएक्स ११ मधील गणनपद्धतीमुळे कण व धूर यांचे गणित कोणत्याही उत्पादकाच्या कार्डावर करता येऊ लागले. शिवाय उत्तर त्याच कार्डाच्या स्मृतीत तयार होत असल्याने ते दुसरीकडून आणण्याची गरज राहिली नाही. २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही खेळयंत्रांत एएमडीच्या चिप होत्या. सर्व यंत्रांसाठी एकच खेळ बनवणाऱ्या स्टुडिओंना केवळ कुडावर चालणारे परिणाम त्यामुळे गैरसोयीचे ठरले.

एका संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे ठेवण्याची प्रथाही ओसरली. २०२१ पासून एसएलआयसाठी नवी ड्रायव्हर-अनुरूपता तयार करणे एन्व्हिडियाने थांबवले. फिजएक्स मात्र सीपीयूवर चालणारा संच म्हणून टिकून राहिला व वाढला. युनिटी आणि अनरियल इंजिन ४ या प्रचलित खेळ-इंजिनांनी तो वापरला. अनरियल इंजिन ५ मध्ये त्याची जागा ‘केऑस’ या स्वतंत्र संचाने घेतली.

३२-बिट आधाराचा प्रश्न

वर उल्लेखिलेले बहुतेक खेळ ३२-बिट प्रणाली म्हणून लिहिले गेले होते. त्यांचा फिजएक्स प्रवेग ३२-बिट कुडावर अवलंबून असतो. २०२२ च्या अखेरीस आलेल्या कुडा १२.० या विकाससंचातून ३२-बिट प्रणाली तयार करण्याची सोय वगळण्यात आली. तयार असलेल्या ३२-बिट प्रणाली चालवण्याचा आधार एडा पिढीपर्यंत, म्हणजे आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच राहील, असेही एन्व्हिडियाने दस्तऐवजात नमूद केले होते. खेळाडूंच्या फारसे लक्षात न आलेल्या या तांत्रिक नोंदीचा परिणाम जानेवारी २०२५ अखेरीस आरटीएक्स ५० मालिका विक्रीस आल्यावर दिसून आला.

या नव्या कार्डांवर जुने खेळ सुरू होत, पण फिजएक्सचे काम सीपीयूकडे जाई. अतिशय महागडे व शक्तिशाली कार्ड असतानाही काच फुटताच किंवा धूर पसरताच फ्रेमचा वेग कोसळे. परिणाम बंद करून खेळणे शक्य होते, परंतु तेव्हा दृश्यातील धुके, कापड आणि कागद नाहीसे होत. ‘बॅटमॅन: अर्कहॅम नाईट’ यांसारख्या ६४-बिट खेळांना ही अडचण आली नाही.

यावरचा उपाय म्हणून अनेकांनी आरटीएक्स ५० कार्डासोबत एखादे जुने व लहान एन्व्हिडिया कार्ड बसवून फिजएक्स त्याच्याकडे सोपवले. जुन्या कार्डावर ३२-बिट कुडा चालत असल्याने परिणाम पूर्ववत दिसू लागले. पूर्वी अधिक वेगासाठी वापरलेली मांडणी आता परिणाम मुळात दिसावेत यासाठी वापरली जाऊ लागली.

डिसेंबर २०२५ मध्ये ५९१.४४ या ड्रायव्हरद्वारे एन्व्हिडियाने निवडक खेळांसाठी आरटीएक्स ५० मालिकेवर ३२-बिट फिजएक्सचा आधार पुन्हा उपलब्ध केला. मिरर्स एज, मेट्रो २०३३, माफिया २, बॉर्डरलँड्स २ आणि अर्कहॅम सिटी यांचा त्यात समावेश होता. हा आधार खेळांच्या यादीपुरता असल्याने यादीबाहेरच्या खेळांसाठी राखीव कार्डाची उपयुक्तता शिल्लक राहते. मात्र मॅक्सवेल व पास्कल या जुन्या पिढ्यांच्या कार्डांना ५८० नंतरच्या ड्रायव्हर-शाखांमध्ये आधार नाही. नवे ड्रायव्हर हवे असल्यास दुसरे कार्ड ट्युरिंग किंवा त्यानंतरच्या पिढीचे असावे लागते.

मुक्त स्रोत आणि जतन

डिसेंबर २०१८ मध्ये फिजएक्सचा संच बीएसडी परवान्याखाली मुक्त स्रोत करण्यात आला. ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या भागाचा स्रोत तेव्हा खुला नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये पाचव्या आवृत्तीतील हा भागही खुला झाला. त्यामुळे कुडाव्यतिरिक्त अन्य पद्धतींवर तो आणण्याचा मार्ग तत्त्वतः मोकळा झाला आहे. २०१३ पूर्वीच्या बहुतेक खेळांमध्ये मात्र संचाची दुसरी आवृत्ती वापरलेली आहे व तिची अंतर्गत रचना वेगळी असल्याने नव्या स्रोताचा त्यांना थेट उपयोग होत नाही.

संगणकीय खेळांच्या जतनाच्या दृष्टीने या विषयाला महत्त्व आहे. खेळाची प्रत सुरक्षित असली तरी तो निर्मात्यांना अभिप्रेत होता तसा दिसेलच असे नाही. एका उत्पादकाच्या एका पद्धतीशी बांधलेला परिणाम त्या पद्धतीचा आधार असेपर्यंतच टिकतो. सीपीयूवर चालणारी भौतिकी नव्या संगणकांवर आपोआप अधिक वेगाने चालते. प्रवेगावर अवलंबून असलेल्या परिणामांच्या बाबतीत मात्र नवे यंत्र जुन्यापेक्षा निरुपयोगी ठरू शकते, हे २०२५ मधील घटनाक्रमाने दाखवून दिले.

हे सुद्धा पहा

• ग्राफिक्स प्रक्रियक
• कुडा
• हॅवॉक
• पीसीआय एक्सप्रेस
• खेळ-इंजिन